तुमच्या गप्प राहण्याचं काय करू, बाबा?

बाबा, लोक सारखे येऊन राहिले आहेत. दारात चपलांचा ढीग पडला आहे आणि आत बसलेला प्रत्येकजण तुम्हाला देवमाणूस म्हणतो आहे. पलीकडच्या गल्लीतल्या काकू आल्या. त्या वर्षी आपली दोन्ही नातवंडं एका झटक्यात तुमच्या व्हॅनमधून काढून घेणाऱ्या, त्याच. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "असा माणूस आता होणे नाही." मी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होते. तो ट्रे तिथंच फरशीवर सोडून द्यायला हवा होता, असं मला अजून वाटतं. पण मी तुमची पोरगी. कप त्यांच्या हातात दिला, साखर बरोबर आहे ना विचारलं.

मामा म्हणाले, तेरवीला चार शब्द लिहून वाच, शिकलेली आहेस. लिहीन. शांत स्वभावाचे होते, कष्टाळू होते, देवावर फार श्रद्धा होती, असं काहीतरी लिहीन आणि वाचीन. हे ते नाही. हे आपलं अर्धवट राहिलेलं भांडण आहे. तुम्ही मध्येच उठून गेलात म्हणून ते संपलं असं समजू नका.

देवावर श्रद्धा होती. हे वाक्य आजकाल ऐकलं की माझं डोकं फिरतं. तुमच्या श्रद्धेची किंमत आम्ही मोजली, मी आणि आईनं.

तुम्ही चांगले व्हॅनवाले होता, बाबा. ते कोणी बोलत नाही आता, कारण ते बोललं की पुढचं आठवतं. उमरेडला आजोबांचा माग बंद पडला, तुम्ही नागपूरला आलात, गाडी शिकलात, आणि आपल्या नंदनवन मोहल्ल्यातली पोरं शाळेत नेऊ लागलात. कोणत्या पोराला गाडी लागते, कोणाला खिडकी दिली नाही तर रडतं, कोणती दोघं शेजारी बसवली की मारामारी होते, सगळं तुम्हाला माहीत. आणि तुमचा तो एक नियम. ज्या बाजूला घर, त्याच बाजूला पोरगं उतरवायचं. त्यासाठी कितीही लांबून वळसा घालावा लागला तरी चालेल. माझ्या कॉलेजला सुट्टी असताना मी पुढच्या सीटवर बसून यायचे तेव्हा कंटाळायचे त्या वळशांना. "बाबा, इथंच सोडा ना, जाते ती." तुम्ही ऐकायचे नाहीत.

वेदांतच्या बाबतीत त्या एका दुपारी तुम्ही ऐकलंत.

पहिलीतला पोरगा. पुढचे दोन दात पडलेला. तुम्ही त्याला रस्त्याच्या अलीकडं, पानठेल्याजवळ उतरवलं, त्याचं घर पलीकडच्या गल्लीत. तुमची गाडी थोडी पुढं सरकली, पोरगा रस्त्यात पळाला आणि टेम्पो आला. मोहल्ल्याला एवढंच माहीत आहे. व्हॅनवाल्यानं वळसा वाचवायला सहा वर्षांचं लेकरू भलत्या बाजूला एकटं सोडलं. पोलिसांनी टेम्पोवाल्याला नेलं. तुम्हाला दोनदा ठाण्यात बोलावलं, तिकडं का उतरवलं म्हणून विचारलं, तुम्ही "चुकलं साहेब" एवढंच म्हणत राहिलात.

तो पोरगा तुमच्या हातांवर गेला, बाबा. तुम्हीच उचलून पळालात दवाखान्यात. घरी आलात तेव्हा शर्ट तसाच होता. आईनं तो काढायला घेतला तर तुम्ही बटणं घट्ट धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. सोबत पाच-सहा जण. तुम्ही दार उघडलं आणि त्यांनी तुमच्या कानाखाली मारली. "काय बे, डिझेल वाचवून राहिला होता काय?" मी आतून धावत आले. माझ्या तोंडात काय काय होतं ते मलाच माहीत. तुम्ही माझं मनगट धरलं, त्यांच्याकडं न बघता. आणि मग मला सोडून त्यांच्यासमोर हात जोडले. ते दुसऱ्यांदा मारणार होते, पण जोडलेले हात बघून त्यांना मारवलं नाही. तिथंच आपल्या उंबऱ्यावर बसले आणि रडायला लागले. तुम्ही शेजारी बसलात. माणसं दोघांकडे बघत उभी होती, आणि मला तुमचा इतका राग आला होता, बाबा, की मी मागच्या दारानं निघून गेले.

मग एकेक करून सुरू झालं. व्हॅनची काच फोडली. कोणी फोडली ते तुम्हाला दिसलं होतं, तरी झाडूनं काचा गोळा केल्यात आणि घरात आलात. एकेका घरानं पोरं काढून घेतली. काहींनी फोन तरी केला, काहींनी तेवढंही नाही. गणपतीत मंडळाची पोरं सांगायला आली, "काका, यंदा आरतीला पुढं उभे नका राहू, लोक बोलून राहिले." तुम्ही "बरं" म्हणालात. दरवर्षी तुम्ही आरतीचं ताट धरायचात. त्या वर्षी तुम्ही मांडवाच्या बाहेर, चपला ठेवतात तिथं उभं राहून टाळ्या वाजवल्यात. मी बघितलं. तुमचा आवाज नेहमीइतकाच मोठा होता. मला वाटलं, ह्या माणसाला लाज कशी नाही?

आणि वर्षा. वेदांतची आई. ती भाजीला निघाली आणि तुम्ही समोरून आलात की ती थांबायची. शिव्या द्यायची. साध्या नाही; ऐकणाऱ्याला घाम फुटेल अशा. तुम्ही तिथंच मान खाली घालून उभे राहायचात, ती थकेपर्यंत. थकली की ती जायची, मग तुम्ही जायचात. मी एकदा म्हटलं, दुसऱ्या रस्त्यानं जात जा ना. तुम्ही म्हणालात, "तिले सापडलो नाही तर ती कोणाले बोलंल वं?"

मला तेव्हा ते वाक्य कळलं नव्हतं. वेड्यासारखं वाटलं होतं.

उमरेडचं स्थळ मोडलं तेव्हा मात्र मी फुटले. साखरपुडा ठरला होता. त्यांच्याकडून कोणीतरी येऊन सांगून गेलं की पोरीच्या बापाच्या हातून लेकरू गेलं आहे, आमच्या घरात लहान पोरं आहेत, मन तयार होत नाही. आई आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून रडत होती. तुम्ही देवाच्या फळीसमोर दिवा लावत होता. मी फुंकर मारून तो दिवा विझवला. आठवतं?

"बाबा, एकदा सरळ सांगा. तुमची चूक होती काय? तुम्ही तुमचा नियम काहून मोडला?"

तुम्ही काडी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "मागच्या अंगणात ये."

तिथं तुम्ही मला सांगितलं. तुमच्या तोंडून ते एकदाच ऐकलं, पण एक शब्द विसरले नाही. वर्षाचा फोन आला होता. "काका, वळसा घालू नका, मी पानठेल्यापाशीच उभी आहे, तिथंच द्या त्याले." तुम्ही थांबलात, तर ती नव्हती. असेल इथंच, म्हणून तुम्ही पोराला उतरवलं, "आई येऊनच राहिली, हलू नको" सांगितलं, आणि मागं गाड्या ओरडायला लागल्या म्हणून थोडं पुढं घेतलं. आरशातून बघत होतात. ती पलीकडच्या गल्लीतून बाहेर आली. मान खाली, पिशवीत काहीतरी शोधत. तिनं वर बघितलंच नाही. पोरानं बघितलं.

"त्याले आई दिसली वं शुभे," तुम्ही म्हणालात. "असा हसला. अन् पळाला."

मी खाली बसले होते. तुम्ही उभेच होता, भिंतीला हात लावून.

"मग हे सांगा ना सगळ्यायले! पोलिसांना सांगा, त्याच्या बापाले सांगा, उमरेडवाल्यांना सांगा! तिनं फोन केला होता!"

"अन् ती?"

"ती काय?"

"मी बोललो तर मी सुटतो. ती कुठं जाते? आता मले शिव्या देऊन थोडीशी जगून राहिली आहे. तेवढं काढून घेतलं तर?"

"अन् आम्ही? आम्ही कसं जगायचं?"

"देवाले माहीत आहे ना."

"देव साक्ष द्यायला ठाण्यात येतो काय, बाबा?"

"नाही येत," तुम्ही म्हणालात. "पण मले झोप येते."

आम्हाला येत नव्हती, बाबा! आईला येत नव्हती, मला येत नव्हती. तुम्हाला येत होती म्हणे. काय मोठं कौतुक तुमच्या त्या झोपेचं.

आणि मग तुम्ही आणखी एक म्हणालात. "माह्यी चूक नाही असं मी कुठं म्हणतो? फोन आला तरी मी खाली उतरून त्याचा हात धरून उभा राहायले पायजे होतो. तेवढं माझं आहे. ते मी त्याच्यापुढं रोज बोलतो. बाकीचं कोणाचं किती, ते वाटायचं काम माझं नाही." आत, भिंतीपलीकडच्या देवाच्या फळीकडं बोट केलंत. मग माझ्याकडून कबूल करून घेतलंत की कोणाला सांगणार नाही. आईलासुद्धा नाही. "तुह्या आईच्या पोटात दोन दिवसही राहणार नाही." त्या रडारडीत मी हसले होते. तेवढ्यासाठीही मला तुमचा राग आहे, त्या वेळी मला हसवलंत म्हणून.

"कधीपर्यंत गप्प राहू?"

"मी आहे तोवर."

"अन् मग?"

"मग तुह्या मनावर."

असं म्हणतात काय पोरीला? एवढी वर्षं मी ते पोटात धरून बसले. आईसमोर. आई बिचारी तुमची बाजू घेऊन बायकांशी भांडायची, हातात एकही पुरावा नसताना. "आमचे हे असे नाहीत," एवढंच. तिला सांगितलं असतंत तर तिचं भांडण थोडं सोपं झालं असतं. तिला तुम्ही तुमच्या देवापेक्षा कमी समजलात, असं मी तुम्हाला एकदा म्हटलं.

नंतर व्हॅन गेलीच. शहराच्या टोकाला, बेसाच्या एका नव्या इमारतीत तुम्ही गेटवर वॉचमन लागलात. माझं लग्न झालं, मी मौद्याला गेले. माझा नवरा भला निघाला; त्याला कोणीतरी ती गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, मी तुझ्या बाबांना भेटलो आहे, मला माहीत आहे. बस. तेवढ्यावर माझी त्याच्याशी गाठ बसली. बेसाला मी यायचे तेव्हा तुम्ही खुर्चीवर कधी सापडायचा नाहीत. स्कूल बस आली की रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, गाड्या थोपवून. गेटवाल्याचं ते काम नव्हतं. सोसायटीचा सेक्रेटरी एकदा ओरडला, गेट सोडून रस्त्यात काय करता म्हणून. तुम्ही "हो साहेब" म्हणालात, आणि पुढची बस आली तेव्हा पुन्हा रस्त्यात.

यंदा उन्हाळ्यात आपलं शेवटचं भांडण झालं. त्याच सेक्रेटरीवरून. मी फोनवर म्हटलं, "तुम्ही देवभक्त नाही बाबा, तुम्ही भित्रे आहात. कोणाच्याही समोर मान खाली. देवाचं नाव नुसतं पुढं करता."

तुम्ही म्हणालात, "असंन वं. भेत असंन." आणि वर, "पण ज्याले भ्यायचं त्यालेच भेतो."

मी फोन ठेवला. मी जे म्हटलं ते मागं घेत नाही. तुम्ही असता तर पुन्हा म्हटलं असतं, आणि तुम्ही पुन्हा तेच उत्तर दिलं असतं, आणि आपण असेच अजून वीस वर्षं भांडलो असतो. त्याचाच तर राग आहे.

आईनं मला परवा एक सांगितलं. उमरेडचं स्थळ मोडलं त्याच्या दुसऱ्या सकाळी, तिला जाग आली तर तुम्ही फळीसमोर उभे होता. दिवा नाही, उदबत्ती नाही. हात जोडलेले नाहीत, मागं बांधलेले. आणि दात-ओठ खाऊन हळू आवाजात बोलत होता, "आता बस कर ना. किती? माह्या पोरीपर्यंत काहून गेला तू?" आईला वाटलं फोनवर कोणाशी भांडता आहात. बघितलं तर फोन चार्जिंगला.

हे मला कधीच सांगितलं नाहीत, बाबा. मला वाटायचं तुम्हाला राग येतच नाही. तुम्ही लाकडाचे आहात. तुमचा सगळा राग तुम्ही एकाच ठिकाणी नेऊन टाकत होता, जिथून तो परत कोणावर उडणार नाही. मला हे आधी कळलं असतं तर... तर काय? तर मी भांडले नसते असं नाही. पण तुमच्या बाजूला उभी राहून त्याच्याशीही भांडले असते. दोघांनी मिळून.

आणि आता काल दुपारचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हे सगळं लिहायला बसले.

माणसं पांगली होती. आई आत पडली होती. मी ओट्याशी भांडी लावत होते, तर मागच्या दारात वर्षा. एकटी. केस पांढरे झालेत तिचे, ओळखू येत नव्हती. मी बस म्हटलं नाही. तीच पाटावर बसली.

"काका गेले कळलं," ती म्हणाली. "मी बेसाले दोनदा गेली होती. गेटपर्यंत. बोलल्या नाही गेलं."

मी भांडी लावतच राहिले.

"त्या दिवशी मीच फोन केला होता. माहीत आहे काय तुले?"

मी पातेलं पुसायला घेतलं.

"आमच्या यांना आजपर्यंत सांगितलं नाही. पोलिसांना काकांनी सांगितलं असंन वाटलं होतं. रोज वाट पाहायची मी, आज येतीन, उद्या येतीन विचारायले. काकांनी सांगितलंच नाही कोणाले." तिनं माझ्याकडं बघितलं. "शुभांगी, मले एकच विचारायचं आहे. दुसऱ्या कोणाले विचारू? बघणारे काकाच होते. वेदूनं मले पाहिलं होतं काय? मले पाहून पळाला काय तो?"

बाबा, माझ्या हातात पातेलं होतं. आणि तोंडात तुमचं वाक्य होतं, जसंच्या तसं. असा हसला अन् पळाला. मला फक्त तोंड उघडायचं होतं. एका वाक्यात सगळं परत मिळत होतं. ती थप्पड. त्या काचा. मांडवाबाहेरच्या चपलांमधून म्हटलेली आरती. उमरेड. आईच्या तोंडातला पदर. तुम्ही सूट दिलेली होती, तुझ्या मनावर म्हणाला होतात. आणि माझ्या मनात काय आहे हे तुम्हाला चांगलं माहीत होतं.

"नाही," मी म्हणाले. "त्याची पाण्याची बाटली हातातून पडली. घरंगळत रस्त्यात गेली. ती धरायले पळाला. बाबांनी आरशात पाहिलं होतं."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "निळी?"

"हो. निळी."

ती रडली. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, आई रडायची तशीच. मी तिला पाणी दिलं. ती प्यायली, भांडं खाली ठेवलं, उठली. माफी मागितली नाही. तुम्हाला दिलेल्या शिव्यांबद्दल एक शब्द नाही. दाराशी थांबून एवढंच म्हणाली, "त्याले सांगून ठेवलं होतं मी, बाटली हरवू नको म्हणून." आणि गेली.

मी तिला माफ केलं नाही, बाबा. मोहल्ल्याला नाही, उमरेडवाल्यांना नाही, आणि तुम्हालाही नाही. मग मी खोटं काहून बोलले? पातेलं हातात धरून मी कितीतरी वेळ तिथंच उभी होते. तुम्ही एवढ्या वर्षांत एकही खोटं बोलला नाहीत. गप्प राहिलात, फक्त गप्प. मला गप्पही राहवलं नाही आणि खरंही बोलवलं नाही. तुमच्या देवानं विचारलं तर हे कुठल्या खात्यात बसतं मला ठाऊक नाही.

आता तुम्ही तिथं पोचला असाल तर तुम्हीच सांगा त्याला. पोरगी खोटं बोलली म्हणा, आणि काहून बोलली तेही सांगा, तुम्हाला कळलंच असेल. मी सांगणार नाही. त्याचं आणि माझं बोलणं बंद आहे.